हुफूफचा शुक्रवार

कासमभाईंचं नाव आधी घेतो, मग बाकीचं सांगतो. मी पाचवीतून शाळा सोडलेला माणूस. लिहायला बसलो की आधीचं मागे आणि मागचं पुढे होतं. पण एवढं मला कळतं, की त्या दिवसाचं ओझं ज्यांनी एकट्याने वाहिलं त्यांचं नाव या पानावर सगळ्यात वर हवं. कासमभाई आमच्याच गावचे, जेटीकडच्या मोहल्ल्यातले, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. मला सौदीला त्यांनी आणलं. विमानतळावर घ्यायला आले तेव्हा मी पासपोर्ट दोन्ही हातांत धरून उभा होतो, कोणीतरी हिसकावून नेईल अशा भीतीने. खोलीवर आल्यावर त्यांनी माझ्या सदऱ्याला आतून एक खिसा शिवला, त्याला बटण लावलं, आणि इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, हातात आला त्या दिवशी तो त्या खिशात ठेवून म्हणाले, "आता दर पाच मिनटांनी हात लावून बघशील ना?" मी बघायचो. अजून बघतो. आता खिशात बघण्यासारखं काही नसलं तरी हात छातीकडे जातो, आणि माझी नात विचारते, नाना, दुखतंय का?

दम्माममध्ये आम्ही एका मोठ्या लाँड्रीत कामाला होतो. मी आणि दत्ता इस्त्रीला, कासमभाई गाडीवर. कँपांमधून कपड्यांची गाठोडी आणायची, धुतलेली परत पोचवायची हे त्यांचं काम. लाँड्रीच्या मागेच आमची खोली, तीन खाटा, एक स्टोव्ह, एक रेडिओ. दत्ता सांगोल्याकडचा, माझ्याच वयाचा, पहिल्यांदा समुद्र बघितला तो थेट इथे येऊन. मला "कोकण्या" म्हणायचा आणि मी सुकट भाजायला घेतली की नाक दाबून बाहेर पळायचा. भाकरीबरोबर ताटात पडली की मात्र सगळ्यांत आधी संपवायचा. कुवेतवरून इराकशी लढाई सुरू झाली आणि कपड्यांचा ढीग तिप्पट झाला. सगळे सैनिकांचे, वाळूच्या रंगाचे, जाड, घामाने कडक झालेले. खिसे तपासायचं काम माझं, कारण माझा हात कुठलीच गोष्ट तपासल्याशिवाय सोडत नाही. च्युइंगम निघायचं, पेन्सिली निघायच्या, बायकामुलांचे फोटो निघायचे. फोटो मी दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून इस्त्री केलेल्या कपड्यांवर परत ठेवायचो. दत्ता म्हणायचा, "लका, त्यो तुला थँक्यू म्हणाया इराकमधनं येनार हाय व्हय?"

आवाज अजून कानात आहेत. मोठ्या प्रेस मशीनचा फुस्स असा श्वास, त्याच्यावर विमानांचा गडगडाट, आणि मधेच सायरन. सायरन झाला की आम्ही ओला टॉवेल दाराच्या फटीला लावायचो, कारण इराकच्या रॉकेटांतून विषारी गॅस येणार असं सगळे म्हणत. खिडक्यांना चिकटपट्ट्या मारलेल्या होत्या. मास्क आमच्यापैकी कोणालाच मिळाले नव्हते. कासमभाई अशा वेळी शांतपणे चहा टाकायचे. "गॅस येईल तेव्हा येईल, आपला गॅस संपलाय काय बघ," असं म्हणून स्टोव्हची टाकी हलवून बघायचे. मी भिंतीला पाठ लावून कुराणातली आयतुल कुर्सी पुटपुटत बसायचो, आणि दत्ता, ज्याला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, माझं पुटपुटणं थांबलं की घाबरून म्हणायचा, "थांबू नगं, चालू ठेव."

ते प्रेस मशीन इटलीचं होतं. त्याच्याबरोबर आलेलं एक कॅलेंडर भिंतीवर होतं, कैक वर्षांपूर्वीचं, पण चित्र चांगलं म्हणून कोणी काढलं नव्हतं. चित्रात एक गाव, त्यात रस्त्यांच्या जागी पाणी. घरांच्या दारापर्यंत पाणी आणि पाण्यात काळ्या लांब होड्या. खाली नाव होतं ते कासमभाईंनी वाचून दाखवलं, व्हेनिस. दिवसभर वाफेसमोर उभं राहून मी ते बघायचो. मला ते परकं वाटायचं नाही, आमच्या खाडीला भरती आली की जेटीवरून असंच दिसतं. दत्ताला मात्र पटायचं नाही. "म्हंजी ही मानसं पोस्टात बी होडीनं जात्यात? आनि म्हस कुठं बांधत्यात?" मग आमच्या खोलीत एक बोलणंच होऊन गेलं. कंटाळा आला, भीती वाटली, मालक ओरडला, की कोणीतरी म्हणायचं, चला, व्हेनिसला जाऊ.

लढाई सुरू होण्याच्या आधी आठवडाभर रशिदाचं पत्र आलं होतं. रशिदा माझी धाकटी बहीण. आईच्या पोटात गाठ निघाली होती. गावातल्या डॉक्टरने मुंबईला न्यायला सांगितलं होतं, तिथे ऑपरेशन होणार होतं. मामा येऊन घेऊन जाईल, दिवस ठरला की कळवते, असं तिने लिहिलं होतं. खाली आईचा निरोप होता: काळजी करू नको, वेळेवर जेव, आणि लढाईच्या बाजूला जाऊ नको. जणू लढाई म्हणजे एखादी विहीर आहे आणि मी तिच्या काठावर खेळतोय. पत्र मी इकाम्याबरोबर आतल्या खिशात ठेवलं. त्यानंतर टपाल थांबलं, विमानं थांबली. फोन करायला दम्माममध्ये गेलो तर टेलिफोनच्या ऑफिसबाहेर एवढी रांग, की दोनदा माझा नंबर येण्याआधी दार बंद झालं. एकदा नंबर आला तर लाइनच लागली नाही. आई मुंबईला गेली का, एवढंच मला कळायला हवं होतं. दिवसाला शंभर वेळा मी तिला एसटीत बसवत होतो आणि उतरवत होतो. तिला गाडी लागायची. खिडकीजवळ जागा मिळाली असेल का, याची मला ऑपरेशनपेक्षा जास्त काळजी होती.

कासमभाईंना कोणीतरी सांगितलं की हुफूफमधलं टेलिफोनचं ऑफिस रिकामं असतं, तिथून लाइन लागते. एका गुरुवारी त्यांनी कफीलच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या, सही-शिक्क्याचा परवानगीचा कागद आणून माझ्यासमोर ठेवला. तिघांची नावं होती, एका दिवसाचा प्रवास, दम्माम ते हुफूफ. हा कागद त्यांनी मालकाकडून कसा काढला ते मला कधीच कळलं नाही. म्हणाले, "उद्या आंघोळ लवकर कर. व्हेनिसला जायचंय. रेल्वेनं."

"गाडीनं का नाय?" मी विचारलं.

"तू आजवर रेल्वेत बसलायस काय?"

बसलो नव्हतो. आमच्याकडे तेव्हा रेल्वे नव्हतीच. रूळ टाकणार, टाकणार असं नुसतं ऐकत आलो होतो. मुंबईला एसटीने गेलो आणि तिथून टॅक्सीने विमानतळावर. दत्ताने ते ऐकलं आणि रात्रीच्या जेवणापर्यंत मला सोडलं नाही. "अरबाच्या वाळवंटात रेल्वे हाय आनि ह्यांच्या गावात न्हाय. कोकण्या, रुळाला हात लावून पाया पड बरं का उद्या."

गाडीच्या डब्यात गार होतं, सीटा मऊ होत्या. मी खिडकीजवळ बसलो आणि दर थोड्या वेळाने तिकीट, कागद, इकामा, पत्र असं चाचपत राहिलो. बाहेर वाळू, पाइपलाइनी, मग परत वाळू, आणि रस्त्याने रणगाडे लादलेले लांब ट्रक एकामागे एक उत्तरेकडे चाललेले. कासमभाईंनी डबा उघडला. रात्री त्यांनी घावन करून ठेवले होते, खोबरं मिळालं नव्हतं म्हणून नुसती साखर. घावन थंड होऊन चिवट झाले होते आणि दत्ता ते दोन्ही हातांनी ताणून दाखवत होता. समोरच्या सीटवरचा एक म्हातारा अरब हसला. कासमभाईंनी त्यालाही एक दिला. त्याने खाल्ला, आणि खिशातून मूठभर खजूर काढून माझ्या मांडीवर ठेवले. कासमभाई म्हणाले, "बघ, पहिल्याच प्रवासात कमाई." मी त्या सकाळी खूश होतो. आज फोन लागणार होता.

लागला. ऑफिसात खरोखरच चार-पाच माणसं होती. काउंटरवरच्या माणसाला चिठ्ठीवर नंबर लिहून द्यायचा, तो लावायचा आणि केबिनचा आकडा ओरडायचा. आमच्या गावात तेव्हा मोहल्ल्याला मिळून एकच फोन, सुलेमान मामूच्या दुकानात. मामू नात्याने कोणी नव्हता, सगळ्यांचाच मामू. दत्ता बाहेर चहा बघायला गेला होता. मी दोन नंबरच्या केबिनमध्ये शिरलो, दार लावून घेतलं, आणि खरखरीतून मामूचा आवाज आला.

"मामू, मी अनवर. सौदीहून."

"अनवर? बाळा..." मग खरखर. "...भेटली काय तुला?"

मला वाटलं, रशिदाची चिठ्ठी भेटली का विचारतोय. "भेटली, भेटली," मी ओरडून म्हणालो. "मग गेली काय आई?"

जरा वेळ नुसती खरखर. "गेली, बाबा. बुधवारी गेली. फजरच्या वक्ताला."

फजरच्या वक्ताला म्हणजे पहाटेची पहिली एसटी, मी मनात म्हटलं. "संगतीला कोण होतं?"

"सगळी होती. रशिदा होती, तुझा मामा येऊन राहिलेला. मी पण होतो."

"तरास नाय ना झाला तिला?"

"नाय रे. शांत गेली. तुझं नाव काढीत होती."

"रशिदाला सांगा, घाबरू नको म्हणावं. मी हाय."

"तू घट्ट राहा, बाबा. दुवा कर. आता आपल्या हातात काय..." आणि लाइन तुटली.

मी केबिनमधून बाहेर आलो तो तरंगत. कासमभाईंचा नंबर त्यानंतर होता, त्यांनाही मामूच्याच फोनवरून घरी निरोप द्यायचा होता. मी काचेतून त्यांना बघत होतो. ते आत गेले, बोलले, मग बोलायचे थांबले. बराच वेळ रिसीव्हर कानाला लावून ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. बाहेर आले तेव्हा रुमालाने तोंड पुसत होते. म्हणाले, "आत फार उकडतं." फेब्रुवारी होता, बाहेर स्वेटर लागत होता.

"काय म्हणाला मामू तुला?" त्यांनी विचारलं.

"आई गेली मुंबईला. बुधवारी."

"मुंबईला म्हणाला?"

"मग अजून कुठं जाणार?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्यांनी लगेच काढला नाही. मग म्हणाले, "चल. दत्ता चहा घेऊन उभा असेल."

मामूने विचारलं होतं ती चिठ्ठी नव्हती, तार होती. बुधवारी माझी आई वारली होती, घरीच, एसटीत न बसता. तार मला मिळालीय आणि मी खात्री करायला फोन केलाय, असं मामूला वाटलं. माझा आवाज न थरथरता ऐकून त्याने कासमभाईंना सांगितलं, पोर लय हिमतीचं हाय, त्याला सांभाळा. हे सगळं मला पुढे कळलं. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते फक्त कासमभाईंना माहीत होतं, आणि मी त्यांच्या बाजूने चालत होतो.

बाजारात मी सगळ्यांच्या पुढे होतो. एका दुकानात गोणपाटाच्या पोत्यात तांदूळ दिसला, आणि मी थांबलोच. लाल तांदूळ, आमच्या रात्यासारखा, नखाने खरवडला तर आत पांढरा. दुकानदाराने सांगितलं, इथलाच, ह्या अहसा भागातला, इथल्याच पाण्यावर पिकतो. अरबाच्या देशात लाल भात पिकतो हे आईला सांगून पटणार नव्हतं. म्हणून दाखवायला मी किलोभर घेतला. "ऑपरेशननंतर पेज द्यायची असते ना," मी कासमभाईंना म्हणालो, "तोपर्यंत मी जातोच. ह्याचीच पेज करू." ते समोरच्या दुकानात टांगलेले काळे झगे बघत राहिले.

जुम्याची, म्हणजे शुक्रवारची, नमाज झाली. माझी दुवा संपली, लोक उठून गेले, तरी कासमभाई हात पसरून बसलेलेच होते. दत्ता बाहेर आमच्या चपला राखत बसला होता, म्हणाला, "आज कासमभायनी देवाकडं लई मोटी यादी दिल्याली दिसती." मग आम्ही जेवलो. भाताचं मोठं ताट, वर कोकराचं मटण, तिघांत एक. मी पोटभर जेवलो, कितीतरी दिवसांनी. कासमभाई मटणाचे चांगले तुकडे बोटांनी सोडवून माझ्या बाजूला सरकवत होते. स्वतः त्यांनी भाताचे दोन घास घेतले असतील.

जेवणानंतर खरं तर स्टेशनकडे जायचं, पण कासमभाई म्हणाले, बागा बघू. एक पिकअपवाला आम्हाला खजुरीच्या बागांपर्यंत घेऊन गेला. तिथे मी पाट बघितले. सिमेंटचे, सरळ, खजुरींच्या रांगांमधून पाणी वाहून नेणारे. दम्माममध्ये बाटलीतलं आणि नळातलं पाणी सोडून कुठलं पाणी दिसत नाही, आणि इथे ते मोकळं, आवाज करत वाहत होतं. शिंपण्याला पाणी सोडलं की आमच्या सुपारीच्या बागेत असाच वास येतो. दत्ता म्हणाला, "ह्ये बग आलं तुझं व्हेनिस. होडी तेवढी बोलीव." मी पाय सोडून बसलो आणि कासमभाईंना आईच्या गोष्टी सांगत सुटलो. ती पाटाच्या पाण्यात फणसाचे गरे धुवायची तेव्हा आम्ही खाली जाऊन वाहून आलेले गरे कसे पकडायचो, ते सांगितलं. कासमभाई म्हणाले, "अनवर." मी म्हटलं, काय? ते म्हणाले, "काय नाय. चला, पुढं बघू."

पुढे गरम पाण्याचा झरा होता, तिथे माणसं अंघोळ करत होती. कासमभाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, इथं फार गर्दी. मग एका पडक्या भिंतीच्या सावलीत बसलो, तर तिथे मुलं फुटबॉल घेऊन आली. मग परत एका बागेत. तिथे माळी बघायला आला, हिंदीत विचारू लागला कुठले, काय. दर ठिकाणी कासमभाई बसायचे, घसा खाकरायचे आणि उठायचे. दत्ता वैतागला. "कासमभाय, आमाला फिरवाया आणलंय का पळवाया?" त्यावर ते हसले नाहीत. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मला वाटलं, मोठ्या माणसाचे पाय दुखत असतील, चांगली जागा मिळत नसेल.

परतीची गाडी उशिरा होती. सैन्याची मालगाडी आधी सोडणार होते, म्हणून आमच्या गाडीला फलाटावरच थांबवलं होतं. ऊन उतरलं होतं. आम्ही तिघे बाकावर बसलो, मधे मी, मांडीवर तांदळाची पिशवी. दत्ता म्हणाला, "आरं, सकाळपास्नं नाचतुयास, पन तुझा मामू काय म्हनला ते तरी सांगशील का न्हाय?"

मला नक्कल चांगली जमते. मी मामूचा आवाज काढला, खरखर पण काढली. "मी विचारलं, गेली काय आई? तर म्हणतो, गेली, बाबा. बुधवारी गेली. फजरच्या वक्ताला. मी म्हटलं, संगतीला कोण होतं? म्हणतो, सगळी होती. मी म्हटलं, तरास नाय ना झाला? म्हणतो, नाय रे, शांत..."

तिथे माझी जीभ थांबली. माझ्याच तोंडून, माझ्याच भाषेत, मी ते ऐकलं. एसटीत बसून कोणी शांत जातं का? आणि पहाटे तिला गाडीवर सोडायला सुलेमान मामू दुकान टाकून कशाला जाईल? मी दत्ताकडे बघितलं. दत्ता माझ्याकडे बघत नव्हता, तो कासमभाईंकडे बघत होता. आणि कासमभाई खाली रुळांकडे.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"होतं."

"कधीपासून?"

"केबिनमधून."

मी उठलो, पिशवी खाली पडून फुटली. तांदूळ फलाटभर झाला. मी काय काय बोललो ते सगळं लिहिणार नाही. एवढं बोललो ते लिहितो, कारण ते मला लपवायचं नाही: "तिची माती ओली असताना तुम्ही मला मटण चारलंत. मला वेडा बनवून बाजार फिरवलात. तुमची आई असती तर?"

कासमभाईंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या बापाची खबर मला एका माणसानं पेट्रोल पंपावर दिली. टाकी भरत होती, मागं गाड्या हॉर्न मारत होत्या. गाडी काढायलाच लागली. तीन तास चालवली मी ती, रस्ता दिसत नव्हता. मला रडायला जागा नव्हती, अनवर. तुला जागा शोधत होतो दिवसभर. नाय सापडली."

मी बाकावर बसलो की जमिनीवर, ते आठवत नाही. दत्ता गुडघ्यांवर बसून तांदळाचा एकेक दाणा रुमालात गोळा करत होता, आणि त्याच्या नाकातून पाणी गळत होतं. सूर्य मावळला, मगरिबची बांग झाली. फलाटाच्या टोकाला लोकांनी नमाजाची सफ, म्हणजे ओळ, लावली, त्यात कासमभाई आणि मीही उभे राहिलो. फर्ज नमाज झाल्यावर कासमभाई पुढे झाले आणि मला त्यांच्या मागे उभं केलं. आम्ही कोकणातले शाफई, आमच्यात लांब वारलेल्या माणसाची नमाज तो समोर नसताना पढता येते, तिला गायबाना म्हणतात. उठून चाललेला एक पाकिस्तानी मजूर थांबला. "मय्यत किसकी है, भाई?"

"इसकी माँ की," कासमभाई म्हणाले.

"हमारे यहाँ तो गायबाना नहीं होती," तो म्हणाला. पण चपला परत काढून माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याच्यामागे आणखी चार-पाच आले. चार तकबीर, म्हणजे चार वेळा अल्लाहू अकबर. झुकायचं नसतं, सजदा नसतो, फक्त उभं राहायचं. माझ्याच्याने तेवढंही होत नव्हतं, आणि त्या अनोळखी माणसाचा खांदा माझ्या खांद्याला टेकलेला होता. दत्ता मागे आमच्या चपला घेऊन उभा होता.

त्यानंतर तीन दिवस मला स्टोव्हला हात लावू दिला नाही. ज्या घरात मयत होते तिथे चूल पेटत नाही, शेजारचे आणून जेवू घालतात. इथे शेजारी कोण, तर दत्ता. तो खाटेच्या दुसऱ्या टोकाला स्टोव्ह ठेवून शिजवायचा आणि म्हणायचा, "हितनं पल्याड माझं घर, हितनं अल्याड तुझं." माझ्या वाटणीची इस्त्री कासमभाई गाडीवरून परत आल्यावर करायचे. त्यांना इस्त्री येत नव्हती. मालकाने दोन गठ्ठे परत पाठवले, त्यांना त्यांनी पुन्हा इस्त्री केली. तार आली तेव्हा लढाई संपली होती. मी घरी जाऊ शकलो तो पावसाळा झाल्यावर, आणि कबरीवर तोवर गवत आलं होतं.

कासमभाईंशी मी बरेच दिवस धड बोललो नाही. कामापुरतं हो-नाही. ते चहा ठेवायचे, मी प्यायचो. पुढे बोलणं सुरू झालं, हसणंही सुरू झालं, पण फलाटावरच्या त्या बोलण्याची माफी मी मागितली नाही. आणि दुसरंही सांगितलं नाही. माझ्या आईला जाऊन दोन दिवस झाले होते, पण त्या शुक्रवारी दिवसभर ती माझ्यापुरती मुंबईला गेलेली होती, खिडकीजवळ बसून. पाटाच्या पाण्यात पाय सोडून मी तिच्याबद्दल बोललो ते हसत बोललो. तेवढा वेळ मला कोणी दिला हे कळायला मला माझी मुलं मोठी व्हावी लागली. त्यांच्यापासून बातम्या लपवायची आणि द्यायची वेळ माझ्यावर आली, तेव्हा कळलं की तोंड उघडून परत मिटताना आतून माणसाचं काय होतं.

कासमभाई आता पंच्याहत्तरीच्या पलीकडे आहेत. गावीच असतात, गुडघे गेलेत. त्यांचा थोरला मुलगा जहाजावर आहे, धाकटा कतारला. गेल्या ईदला गेलो होतो तेव्हा त्यांच्या सुनेला बाजूला घेऊन माझा नंबर लिहून दिला. म्हटलं, बाई, अल्ला न करो, पण कुठूनही कसलीही खबर आली तर त्यांना आधी सांगू नका, मला फोन करा. मी येईन. ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली. म्हातारा काय अभद्र बोलतोय असं तिला वाटलं असेल. ते देणं द्यायची वेळच न येवो अशी दुवा मी पाचही वक्त करतो. पण आली, कासमभाई, तर तुम्हाला दुकानात, दवाखान्यात, चार माणसांत कोणाकडून ऐकायला लागणार नाही. मी स्वतः येईन, तुमच्याबरोबर दिवसभर हिंडेन, तुम्ही मला शिव्या द्याल त्या ऐकून घेईन. हा माझा शब्द आहे.